पूर्वतयारीच्या अनुदानासाठी 'संबंधितांशी सल्लामसलत': ती खरी कशी करायची?

म्हादईकाठ | १२ एप्रिल, रात्री ९.१०

नमस्कार. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात पंच आहे, दुसरी टर्म. गेल्या आठवड्यात पंचायतीला पत्र आले. पावसाळ्यापूर्वी आपत्तीची साधने आणि प्रशिक्षण यांसाठी प्रस्ताव पाठवा, सोबत 'सर्व संबंधित घटकांशी सल्लामसलत व समन्वय झाल्याचा पुरावा' जोडा. मुदत तीस दिवसांची. कार्यालयात मला सांगण्यात आले, "बाय, मागच्या वेळचा कागद आहे. तारीख बदलली की झाले."

मागच्या वेळचा कागद मी फायलीतून काढून वाचला. त्यावर एकतीस नावे आहेत, त्यात माझेही. सही माझीच आहे, पण ती १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हजेरीच्या वहीत केलेली आहे. त्या सभेत आपत्तीचा विषय निघालाच नव्हता. हजेरीच्या पानाची झेरॉक्स काढून वर 'सल्लामसलत बैठक' असे शीर्षक चिकटवले होते.

त्या कागदावर गावाला एक रबरी होडी, दहा जाकिटे आणि एक जनरेटर मिळाला. २३ जुलै २०२१ ला म्हादई चढली तेव्हा आमच्या खालच्या वाड्यावरची नऊ घरे पाण्यात होती. होडी उतरवली ती कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, कारण तोच एक रस्ता होता. पाण्याखाली पोफळीचे तोडलेले खुंट होते, बागायतीची काटेरी तार होती. पन्नास पावले गेली नसेल, होडीचा एक कप्पा फाटला. शेवटी माणसे बाहेर आली ती दोरावरून आणि केळीच्या खांबांच्या तराफ्यावरून. एका आजींना खांद्यावर घेऊन माझा चुलतदीर गळ्याएवढ्या पाण्यातून आला. त्या अजून त्याला दिसेल तिथे हात जोडतात.

मला तेव्हापासून एकच गोष्ट छळते. खालच्या वाड्यावरच्या कुठल्याही बागायतदाराला आधी विचारले असते, तर त्याने सांगितले असते की कुळागरात रबर चालत नाही. विचारायला दहा मिनिटेही लागली नसती. पैसे आले, साधन आले, सह्या होत्या, आणि ज्याला माहीत होते त्याला कुणी विचारले नाही.

या वेळी मी तारीख बदलून सही करणार नाही. पण नुसते नाही म्हणून पुरात कुणी वाचत नाही. म्हणून इथल्या जाणत्यांना विचारते. कायदा नेमके काय मागतो? कुणाकुणाला बोलवायचे? आणि झालेले बोलणे कागदावर कसे आणायचे, की प्रस्तावही परत येऊ नये आणि बोलणेही हरवू नये?

---

जुना कारकून | १२ एप्रिल, रात्री १०.४५

ताई, तीस वर्षे महसुलात काढली, म्हणून आधी कायद्याचे सांगतो.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या कलम ३१ प्रमाणे जिल्ह्याची योजना जिल्हा प्राधिकरण करते, पण स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करूनच. राज्य प्राधिकरणाने ती मंजूर करायची, आणि दर वर्षी तिचा आढावा होऊन ती अद्ययावत व्हायला हवी. कलम २५ मध्ये जिल्हाधिकारी या जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष आणि जिल्हा पंचायतीचा अध्यक्ष सहअध्यक्ष. म्हणजे लोकांनी निवडून दिलेला माणूस कायद्यानेच त्या टेबलावर बसलेला आहे. तुमच्यासाठी सर्वांत कामाचे कलम मात्र ४१. स्थानिक संस्थेने आपले कर्मचारी प्रशिक्षित ठेवायचे आणि साधने केव्हाही वापरता येतील अशी ठेवायची, असे ते सांगते. तुमची होडी फाटली तिथे या कलमाचाही प्रश्न होता. साधन वापरण्याजोगे आहे की नाही हे जागेवर कुणी पाहिले होते?

आता पैसा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी जी रचना दिली, ती शंभर रुपयांवर मांडतो. २० रुपये शमनाचे, म्हणजे धोका मुळात कमी करण्याचे. ८० रुपये राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे. त्या ८० मध्ये ४० मदतकार्याला, ३० पुनर्बांधणीला आणि १० पूर्वतयारी व क्षमताबांधणीला. केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. ईशान्येकडची आणि हिमालयातली राज्ये ९०-१० वर आहेत, आपण नाही.

हे दहा रुपये लक्षात ठेवा. पूर आल्यावर वाटायचा पैसा चाळीस आणि पूर यायच्या आधीचा दहा. हात इतका आखडता असताना त्यातली एक होडी चुकीची घेणे म्हणजे त्या वर्षीची गावाची सगळी तयारीच वाया घालवणे.

कागदाबद्दल सविस्तर उद्या लिहितो, डोळे दुखतात रात्री.

---

रापणकार | १३ एप्रिल, सकाळी ६.३०

मी पेडण्याचा, किनाऱ्यावरचा. आमच्याकडे नदीचा पूर कमी, पण दर्या आहे.

तौक्ते चक्रीवादळ आले मे २०२१ मध्ये, १५-१६ तारखेला. त्याच्या दोन दिवस आधी आमच्यातल्या जुन्या माणसांनी होड्या वर ओढायला सुरुवात केली होती. इशारा सरकारचाही आला होता, पण होडी वर काढायला वीस माणसे लागतात आणि ती माणसे कोण बोलावते, कुठल्या क्रमाने होड्या येतात, कुठल्या झाडाला बांधतात, हे कुठल्याही योजनेत लिहिलेले नाही. आमच्यात ते ठरलेले असते. वादळानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. बर्फ नाही, फोन बंद, आणि मासळीचे नुकसान कुणी मोजायला आले तेव्हा मासळी कुजून गेलेली.

राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात गोवा होता, जागतिक बँकेच्या कर्जातून. त्यात इशाऱ्याचे भोंगे आले, जमिनीखालच्या वीजवाहिन्या आल्या, निवारे आले. सप्टेंबर २०२३ मध्ये पर्वरीत रात्री भोंगा वाजला, त्सुनामीचा. खोटा इशारा होता. माझी मावशी तिथे राहते, ती मुलांना घेऊन रस्त्यावर आली. मी यंत्राला दोष देत नाही, यंत्र बिघडते. पण भोंगा वाजल्यावर कुठे जायचे, कुणाला विचारायचे, हे तिच्या इमारतीत एकालाही माहीत नव्हते. भोंगा बसवला आणि त्याचा अर्थ लोकांबरोबर बसून ठरवला नाही, तर पुढच्या वेळी खरा वाजला तरी लोक घरात बसतील. मला त्याचीच भीती वाटते.

ताई, तुम्ही बोलवाल त्यांच्यात रोज पाण्यावर असणारा एक तरी माणूस हवा. खुर्ची नसली तरी चालेल त्याला.

---

फोंड्याची सुलभा | १३ एप्रिल, सकाळी ८.०५

अंगणवाडी सेविका पहिली. कुठल्या घरात गरोदर बाई आहे, कुठे अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कोण आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते, हे तिला आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना तोंडपाठ असते. यादी वेगळी करावी लागत नाही, त्यांच्याकडे बसून लिहून घ्यावी लागते. आणि हो, त्यांना सभेला बोलवाल तर त्यांची अंगणवाडीची वेळ सोडून बोलवा.

---

बंबावरचा माणूस | १३ एप्रिल, दुपारी १.२०

मी अग्निशमन सेवेतून निवृत्त. ताईंची तळमळ पटते, पण एक सांगायलाच हवे. पाणी चढत असताना सभा घेता येत नाही. तिथे एकाचाच हुकूम लागतो. मी अशा जागी काम केले आहे जिथे सरपंच एक सांगतोय, आमदाराचा माणूस दुसरे सांगतोय, आणि माझे जवान दोर धरून उभे आहेत. 'सर्वांचा सहभाग' म्हणता म्हणता हे होऊ देऊ नका.

---

म्हादईकाठ | १३ एप्रिल, दुपारी २.१५

बंबावरचा माणूस, तुमचे म्हणणे मी मनावर घेतले. पण २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हाचे आठवून बघा. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकत होती. खाली डोंगरात जाऊन पाला ओढून आगीची वाट तोडणारे वनखात्याचे लोक होते आणि आमच्या गावांतली पोरे होती, कारण कुठल्या पायवाटेने वर जाता येते हे त्यांना ठाऊक होते. हुकूम देणारा एकच असावा, मान्य. त्याला पायवाट आधी कुणी दाखवलेली असावी, एवढेच माझे मागणे आहे.

---

बंबावरचा माणूस | १३ एप्रिल, दुपारी २.४०

हे पटले. मग तुमच्या कागदात एक ओळ नक्की घाला: घटनेच्या वेळी जागेवरचा प्रमुख कोण, तो नसेल तर कोण, तोही नसेल तर कोण. तीन नावे, तीन फोन. आणि ती नावे त्या लोकांसमोर वाचून दाखवा, म्हणजे पुढे पाण्यात उभे राहून वाद नको.

---

न्यू जर्सीचा गोंयकार | १३ एप्रिल, संध्याकाळी ७.५०

मूळ डिचोलीचा. इथे एका काउंटीच्या आरोग्य खात्यात काम करतो, आणि माझ्या कामाचा मोठा भाग हाच आहे: तयारीच्या अनुदानासाठी कोण कोण एकत्र आले हे दाखवणे.

अमेरिकेतली गोष्ट सांगतो, पण तिची सुरुवात आपल्याकडे आहे. १९८४ मध्ये भोपाळ झाले. पुढच्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियात इन्स्टिट्यूट नावाच्या गावी रसायनाची गळती झाली. त्यातून १९८६ मध्ये इथे कायदा आला: धोकादायक रसायने कुठे किती आहेत हे लोकांना कळले पाहिजे आणि प्रत्येक भागात स्थानिक नियोजन समिती असली पाहिजे. समितीत कोण, तेही कायद्यातच लिहिले. निवडून आलेले लोक, पोलीस, अग्निशमन, आरोग्य, पर्यावरण, वाहतूक, वृत्तपत्रवाले, रहिवाशांचे गट आणि स्वतः कारखानदार. आमच्या भोपाळच्या माणसांच्या मरणातून ही यादी आली आहे, हे मी इथल्या नव्या सहकाऱ्यांना दर वेळी सांगतो.

रुग्णालयांच्या तयारीच्या केंद्रीय निधीचेही तसेच. तो वापरायचा तर आरोग्यसेवांची युती असावी लागते आणि तिच्या गाभ्यात चार घटक हवेतच: रुग्णालये, रुग्णवाहिका सेवा, आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा, सार्वजनिक आरोग्य खाते. एक रुग्णालय एकटे येऊन माझ्यासाठी जनरेटर द्या म्हणाले तर त्यासाठी तो निधी नाही. शेजारच्या रुग्णालयाशी, १०८ सारख्या सेवेशी तुझे काय ठरले आहे ते दाखव, मग बोलू.

दोन गोष्टी मला इथून आपल्याकडे आणाव्याशा वाटतात. गृहसुरक्षेच्या अनुदानात राज्याला मिळालेल्या रकमेचा किमान ८० टक्के भाग ४५ दिवसांत स्थानिक संस्थांकडे पोचवावाच लागतो. सल्लामसलत स्थानिकांशी आणि पैसा राजधानीत, असे होऊ नये म्हणून. आणि प्रत्येक रंगीत तालमीनंतर लेखी अहवाल: काय ठरले होते, काय झाले, कुठे फसले, दुरुस्ती कोण करणार, कधीपर्यंत. पुढच्या वर्षी आधी त्या दुरुस्तीचे काय झाले ते विचारले जाते.

सगळे इथे छान आहे असे मात्र नाही. काही ठिकाणी समित्या कागदावरच असतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वर्षातून एकदा कॉफी पिऊन उठणारी समिती आणि दर तिमाहीला फोनची यादी फिरवून बघणारी समिती यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. फोनची यादी फिरवणे हे मी सर्वांत वर ठेवीन. दर वेळी चार-पाच नंबर मेलेले निघतात.

---

चिखलीकर | १४ एप्रिल, सकाळी ७.१५

वरच्या पोस्टीला जोडून. ती यादी आपल्याकडेही कायद्यात आहे! १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम काढून बघा. केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर संकट गट आहेत. स्थानिक गटात कारखान्यांचे प्रतिनिधी, रसायने वाहून नेणारे, अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचे प्रमुख, गटविकास अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक, कारखान्याजवळच्या गावाचा सरपंच, स्वयंसेवी संस्था, परिसरातले दोन नामवंत डॉक्टर आणि दोन समाजसेवक असावेत असे लिहिले आहे. या गटाने दर महिन्याला भेटायचे. जिल्ह्याच्या गटाने दर ४५ दिवसांनी, राज्याच्या गटाने दर तीन महिन्यांनी.

आम्ही मुरगाव तालुक्यातले. बंदर, तेलाच्या टाक्या, खताचा कारखाना, विमानतळ सगळे एका घासात. जानेवारी २०१८ मध्ये चिखलीला पहाटे अमोनियाचा टँकर उलटला. माझ्या आईला घेऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा वारा कुठल्या बाजूला वाहतो हे बघायचे असते, ओले फडके नाकाला लावायचे असते, हे आम्हाला कुणी कधी शिकवले नव्हते. शेजारच्या घरातल्या एका कामगाराला ते माहीत होते, कारण त्याच्या कंपनीत शिकवतात. त्याने ओरडून सांगितले म्हणून आम्ही वाऱ्याच्या आडव्या दिशेने गेलो, नाहीतर उताराकडे, वासाच्या दिशेनेच निघालो होतो.

त्या कामगारासारखा माणूस कुठल्या यादीत बसतो? कारखान्याचा प्रतिनिधी म्हटले की मोठा साहेब येतो. टँकरचा चालक, त्याचा क्लीनर, गेटवरचा रखवालदार यांना कधी बोलावलेले मी पाहिले नाही. टँकर उलटतो तेव्हा पहिला माणूस चालक असतो. त्याला चार वाक्ये माहीत हवीत.

---

पणजीचा वाचक | १४ एप्रिल, सकाळी ९.३०

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीनंतर राजधानीच्या आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची तरतूद आली आहे. पणजी दोन्हींत बसते. पणजीकरांनी आत्ताच बोलायला सुरुवात करायला हवी.

---

खाजनराखण | १४ एप्रिल, दुपारी ४.००

तिसवाडीतून. आमच्याकडे खाजन आहे, आणि आपत्तीच्या कुठल्याही कागदात खाजनाचे नाव मला दिसत नाही, त्याचे वाईट वाटते.

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. समुद्रसपाटीच्या खाली किंवा जेमतेम बरोबरीला, बांदाने राखलेली, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करणारी. बांद फुटला तर शेत जाते, विहिरी खाऱ्या होतात आणि आत बांधलेल्या घरांत पाणी शिरते. बांद राखायची जबाबदारी कूळ संघटनांची. मानशीचे दार कुणी, कुठल्या भरतीला उघडायचे, हे त्यांच्यातल्या दोन-तीन माणसांनाच माहीत असते, आणि ती माणसे आता साठी ओलांडलेली आहेत.

आमच्या बाजूला एकदा बांदाची तातडीची दुरुस्ती पावसाच्या तोंडावर यंत्राने केली. लाल माती आणून टाकली. जुनी माणसे सांगत होती की खाजनातलाच चिखल घ्या, आत गवताचा पेंढा आणि बाहेरून दगड लावा. कुणी ऐकले नाही. पहिल्या मोठ्या भरतीला माती विरघळली. सल्लामसलत झाली नव्हती असेही नाही. झाली होती, पण निविदा निघून गेल्यावर. तेव्हा विचारून काय उपयोग? वेळेवर विचारणे हा यातला अर्धा भाग आहे.

आणि दिवाडीसारख्या बेटांचे विसरू नका. तिथे फेरीबोट हाच रस्ता. वाऱ्यात फेरी बंद झाली की बांबोळीचे इस्पितळ डोळ्यांसमोर असून दूर. बेटाच्या योजनेत फेरीवरच्या तांडेलाला विचारल्याशिवाय एकही ओळ लिहू नये.

---

दोडामार्गवाला | १४ एप्रिल, रात्री ८.२५

मी सीमेपलीकडचा, पण बहीण इब्रामपूरला दिली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचे पाणी सोडले आणि पाऊसही तसाच, तेव्हा इब्रामपूर, हणखणे, चांदेल भागात घरांत पाणी गेले. धरण महाराष्ट्रात, पूर गोव्यात. बहिणीला पाणी सोडल्याचे कळले ते माझ्या फोनवरून, आणि मला कळले ते धरणाजवळच्या एका मित्राकडून.

म्हणजे 'संबंधित' शोधताना नदी जिथून येते तिथपर्यंत जावे लागते. म्हादईसाठी कर्नाटक, आमच्यासाठी इकडचा धरणाचा विभाग. पंचायत दुसऱ्या राज्याच्या खात्याला थेट बांधू शकत नाही, हे मला कळते. पण दोन्हीकडच्या सरपंचांनी एकमेकांचे नंबर घेणे आणि पाणी सोडण्याआधी किती तास कळवायचे याची मागणी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे एकाच दिवशी देणे, एवढे तरी होऊ शकते. आम्ही देऊ.

---

जुना कारकून | १५ एप्रिल, सकाळी १०.१०

कागदाचे सांगतो म्हणालो होतो.

ताई, तुमची भीती अशी की बोलणे कागदात हरवते. माझा अनुभव उलटाही आहे: बोलणे चांगले झाले, कागद नीट नव्हता, प्रस्ताव परत आला, तोवर जून उजाडला. म्हणून दोन्ही जपा.

बैठकीचे इतिवृत्त 'चर्चा झाली, सर्वांनी सहमती दिली' असे लिहू नका. कोण काय म्हणाले आणि त्यामुळे प्रस्तावात काय बदलले, हे लिहा. 'खालच्या वाड्यावरच्या बागायतदारांनी सांगितले की कुळागरातून रबरी होडी नेता येत नाही, म्हणून रबरी होडीऐवजी सपाट तळाची फायबरची होडी प्रस्तावित केली.' असे एक वाक्य शंभर सह्यांपेक्षा वजनदार आहे, कारण तपासणाऱ्याला ते खोटे पाडता येत नाही आणि पुढच्या सचिवालाही कारण कळते. न पटलेले मतही लिहा. एखाद्याने विरोध केला तर त्याचे म्हणणे आणि ते का घेतले नाही ते लिहा. मी कारकून असताना विरोध नोंदवलेले इतिवृत्त आले की मला उलट भरवसा वाटायचा.

ज्यांच्याकडून वस्तू किंवा माणसे लागणार, त्यांचे पत्र वेगळे घ्या. ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर देणार असेल तर कुठल्या वेळी, डिझेल कुणाचे, चालक कोण, मोडला तर खर्च कुणाचा. हे आधी बोलायला लोक लाजतात, पण न बोलल्यामुळे पुरानंतर भांडणे होतात आणि पुढच्या पुरात ट्रॅक्टर येत नाही.

देखभालीचा खर्च प्रस्तावातच दाखवा. जनरेटर महिन्यातून एकदा चालवून बघणार कोण, त्याचे नाव. उपयोगिता प्रमाणपत्र पैसे खर्च झाले एवढेच सांगते, वस्तू चालते की नाही ते सांगत नाही.

आपदा मित्रांना विसरू नका. केंद्राच्या योजनेतून ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचे ठरले होते, बारा दिवसांचे प्रशिक्षण, सोबत साधनांचा संच आणि विमा. तुमच्या तालुक्यात कोणी असतील तर त्यांना पहिल्या बैठकीला बोलवा. आणि प्रशिक्षणासाठी जुन्या गोव्याजवळ एला येथे लोकप्रशासन व ग्रामीण विकास संस्था आहे, तिथे विचारा.

---

सत्तरीची पोर | १५ एप्रिल, रात्री ९.००

पाईकूळचा पूल २०२१ च्या पुरात वाहून गेला तेव्हा आम्ही कॉलेजची मुले होतो. बैठकीत विद्यार्थ्यांना घ्या. आम्हाला कुठल्या घरात किती फोन आहेत, कुठे रेंज येते, कुठे येत नाही, सगळे माहीत आहे.

---

म्हादईकाठ | ३ मे, रात्री १०.३०

उशीर झाला, क्षमा करा. तीन बैठका झाल्या. एक पंचायतीत, एक खालच्या वाड्यावर एका बागायतदाराच्या अंगणात, एक अंगणवाडीत दुपारी साडेतीनला, सुलभाताईंनी सांगितले तशी.

पंचायतीतल्या बैठकीला माणसे जास्त होती आणि कामाचे कमी निघाले. सगळे आवाज चढवून बोलत होते. अंगणातल्या बैठकीत अकरा जण होते आणि दोन तास कुणी उठले नाही. तिथे आम्ही खडूने जमिनीवर नदी काढली. मग एकेकाने येऊन २०२१ मध्ये पाणी कुठवर आले होते ते दाखवले. त्यातून कळले की निवाऱ्यासाठी कागदावर असलेली शाळा उंचावर आहे, पण तिच्याकडे जाणारा रस्ता मोरीवर सर्वांत आधी बुडतो. इतकी वर्षे योजनेत शाळाच लिहिलेली होती! आता देवळाचा सभामंडप लिहिला आहे, तिथे मागच्या बाजूने डोंगरातून पायवाट आहे. देवस्थान समितीने लेखी पत्र दिले, स्वयंपाकाच्या भांड्यांसकट.

होडी फायबरची, सपाट तळाची. दोर जास्त मागितला आहे, जनरेटर एकच. कुळागरातली तार दर वर्षी मे अखेरीस एका ठिकाणी दहा हात उघडी ठेवायचे तिघा बागायतदारांनी मान्य केले. चौथ्याने नाही म्हटले, गुरे आत येतात म्हणून. त्याचे म्हणणे जुन्या कारकुनांनी सांगितल्याप्रमाणे तसेच लिहिले. दोन दिवसांनी तो स्वतःच आला आणि म्हणाला, उघडे नको, पण मी फाटक लावतो.

अंगणवाडीतल्या बैठकीत चौदा नावे मिळाली, ज्यांना उचलूनच न्यावे लागेल अशांची. त्यातल्या दोन घरांत ऑक्सिजनचे यंत्र आहे. जनरेटर कुठे ठेवायचा हे त्या दोन घरांमुळे ठरले. नावांची यादी प्रस्तावाला जोडली नाही, फक्त संख्या दिली. यादी सेविकेकडे, नर्सबाईंकडे आणि माझ्याकडे अशी तीनच ठिकाणी आहे. लोकांचे आजारपण फायलीत फिरू नये असे सगळ्यांचे म्हणणे पडले आणि मला ते योग्य वाटले.

जागेवरच्या प्रमुखाची तीन नावे वाचून दाखवली. पहिले नाव माझे नाही, माझ्या चुलतदिराचे आहे. सरपंचांनीच सुचवले.

प्रस्ताव गेला, मुदतीच्या पाच दिवस आधी. मंजूर होईल की नाही ते बघू. रंगीत तालीम मात्र पैशाची वाट न बघता मे अखेरीस घ्यायची ठरली आहे, असलेल्या दोरावर.

एक राहिले आहे. वरच्या गवळी-धनगर वाड्यावरून तिन्ही बैठकांना कुणी आले नाही. निरोप पाठवला होता, पण निरोप कुणाकडे पोचला ते मी विचारले नाही, ही माझी चूक. पावसात डोंगर खचतो तो त्यांच्याच बाजूला. रविवारी सकाळी मी चालत वर जाणार आहे.

---

सत्तरीची पोर | ३ मे, रात्री १०.५२

ताई, रविवारी मी येते. त्या वाड्यावरची एक मुलगी माझ्या वर्गात होती, आधी तिला फोन करते. सकाळी सातला पुलाजवळ भेटू, नंतर गुरे चरायला जातात आणि घरी कुणी सापडत नाही.

---

बंबावरचा माणूस | ३ मे, रात्री ११.०५

तालमीची तारीख कळवा. दोर घेऊन मी येतो, गाठी शिकवतो.